जॉइस अजून जिन्यावर आहे

१

“फासा नाही,” रॉली म्हणाला.

पुठ्ठ्याच्या पडद्यावरून त्याचा हात वर आला. बोटांत एक पारदर्शक पिशवी होती आणि पिशवीत मेणखडूचे दोन तुकडे होते, एक लाल, एक काळा. बाकी काही नव्हतं.

टेबलाभोवती तिघं बसली होती. आर्डिस क्वामीने ब्रेडचा घास चावायचा थांबवला. बाहेर फेब्रुवारीतलं शेबॉयगन गाव आपल्या बर्फात मुकाट पडलं होतं. स्वयंपाकघरात रॉलीची मुलगी कॉलीन बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती, त्याचाच काय तो आवाज.

“नीट बघ,” शेवटी आर्डिस म्हणाली.

“बघितलं.”

“पेटीच्या तळाशी? नकाशाखाली?”

“आर्डिस, नाही म्हटलं ना.” रॉलीने पिशवी टेबलावर ठेवली. “संपलं. मिटवा सगळं.”

आता हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. यात जिंकत कोणी नाही. एक सूत्रधार तीन पाख्यांच्या पडद्याआड बसतो आणि भुताखेतांची एक लांबलचक गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. भुतापासून पळता आलं की नाही, दार उघडलं की अडकलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. ज्यांना यातलं कळत नाही ते हसतात. ज्यांना कळतं ते म्हातारे झाले तरी शनिवारी दुपारी दुसरं कुठलंही काम ठरवत नाहीत, मग सख्ख्या पुतण्याचं लग्न का असेना.

रॉली टेस्की हा या टोळीचा सूत्रधार, आणि आजची पेटी होती ‘काळ्या टोकावरचा दिवा’. पेटी एक्क्याऐंशी सालची. ती काढणारी छोटीशी कंपनी पुढे लवकरच बुडाली. आज ज्याच्याकडे ही पेटी असते तो ती काचेच्या कपाटात ठेवतो आणि पाहुण्यांना लांबून दाखवतो. रॉलीची पेटी मात्र खेळून खेळून पार झिजली होती, तिचे कोपरे चिकटपट्टीवर उभे होते. फक्त तिचा शेवटचा प्रसंग कधी खेळला गेला नव्हता.

तो राहिला जॉइसमुळे. जॉइस म्हणजे रॉलीची बायको. खेळात ती टिली व्हायची, दीपगृहाच्या राखणदाराची बहीण. त्या संध्याकाळी टिली कंदील घेऊन दीपगृहाच्या जिन्यावर उभी होती. खालून पाणी चढत होतं, वरचं दार अडकलं होतं. फाशावर बारा किंवा जास्त आलं तर दार उघडणार, नाहीतर टिली बुडणार. जॉइसने फासा हातात घेतला, खाली ठेवला आणि म्हणाली, आज फार दमले, पुढच्या शनिवारी टाकते. पुढच्या शनिवारी ती दवाखान्यात होती. तो हिवाळा संपला तेव्हा जॉइस नव्हती. रॉलीने पेटीला रबरबँड लावला, त्याला आता जवळजवळ चाळीस वर्षं झाली.

दवाखान्यात एकदा उशी नीट करताना जॉइसने आर्डिसचा हात धरला होता. “मला त्या जिन्यावर उभी ठेवू नका गं. माझे गुडघे दुखतात.” आर्डिस हसली होती आणि तिने शब्द दिला होता. हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि आता घर विकलं गेलं होतं. सोमवारी कॉलीन वडिलांना आपल्याकडे दूर टूसॉन शहरात नेणार होती, कायमची. म्हणजे आज किंवा कधीच नाही.

२

त्यांनी घर पालथं घातलं.

ड्वेन प्रॉक्नाव पोट सांभाळत टेबलाखाली शिरला. युआ लोरने सोफ्याच्या गाद्या उपसल्या. आर्डिसने पेटीतलं सामान एकेक करून टेबलावर काढलं, नकाशा झटकला, रिकामी पेटी उपडी करून थोपटली. बांधलेल्या खोक्यांपैकी अर्धी पुन्हा सुटली तेव्हा कॉलीन कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

“एका प्लास्टिकच्या ठोकळ्यासाठी?”

“तुझ्या आईचा फासा आहे तो,” आर्डिस म्हणाली.

“आईचं पुष्कळ सामान आहे. ते आवरायला कोणी आलं नाही.” कॉलीनचा आवाज चिरका झाला. लहानपणीचे सगळे शनिवार या टेबलाने खाल्ले, हे तिचं जुनं दुखणं होतं. “आणि शोधताय कशाला? सकाळपासून पेटी इथेच टेबलावर होती. खोकी उचलायच्या निमित्ताने सगळ्यांत आधी कोण आलं? ड्वेन. या पेटीला मागेल ती किंमत देतो म्हणून वर्षानुवर्षं डॅडच्या मागे कोण लागलंय? ड्वेन. त्याच्या तळघरात हीच पेटी आहे आणि तिच्यात फक्त फासा कमी आहे, हे कोण सगळ्यांना सांगत फिरतं?”

टेबलाखालून ड्वेन बाहेर आला. त्याचा चेहरा बीटासारखा लाल झाला होता.

गोष्टीत ड्वेन नेहमी पोलीस इन्स्पेक्टर व्हायचा. खऱ्या आयुष्यात त्याला कपाळावर सरकवलेला चष्मा सापडत नसे. तो संग्राहक होता, आणि संग्राहक म्हणजे कसा, तर पेटीवरचं प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा न फाडणारा. पण चोर? आर्डिसने रॉलीकडे पाहिलं. रॉलीने मध्ये पडायला हवं होतं. रॉली पडद्यामागे खाली मान घालून बसला होता.

“खिसे बघा माझे,” ड्वेन म्हणाला आणि त्याने स्वतःच ते उलटे केले. रुमाल, किल्ल्या, खोकल्याच्या गोळ्या. आणि एक छोटी डबी.

डबीत वीस बाजूंचा एक फासा होता.

“आता बोल!” कॉलीन म्हणाली.

“ही भेट आहे.” ड्वेनने डबी छातीशी धरली. “रॉलीसाठी. तिकडे जाताना न्यायला. मागच्या महिन्यात मिळाला मला. कोरा आहे.”

“आण इकडे,” आर्डिस म्हणाली.

तिने सगळा जन्म लोकांच्या दाढा तपासण्यात घालवला होता, त्यामुळे बारीक भेगांत काय दडतं हे तिला ठाऊक होतं. तिने टूथपिक घेतली, फासा खिडकीशी नेला आणि कोरलेले आकडे एकेक करून खरवडले. त्या काळच्या स्वस्त फाशांवर आकडे नुसते कोरलेले असत, रंग नसे. पेटीत मेणखडू मिळायचा. तो आपणच घासून आकड्यांत भरायचा. आणि एकदा भरलेलं मेण कितीही धुतलं तरी कोपऱ्यात कणभर राहतंच.

“कणभरही मेण नाही,” ती म्हणाली. “हा फासा जन्मात कोणी रंगवलेला नाही. आणि कॉलीन, ड्वेन चोर असता तर त्याने फासा सोडून खडू उचलले असते. पेटीतले मूळचे खडू याच्या दुनियेत फाशाहून दुर्मीळ.”

“कितीतरी दुर्मीळ,” ड्वेन नाक ओढत म्हणाला. त्या अवस्थेतही त्याला राहवलं नाही.

मग तो जे बोलला ते ऐकून आर्डिस थक्क झाली. “हाच रंगवा. जॉइसचे खडू आहेतच. तिच्यासारखाच रंगवा आणि टाका.” चाळीस वर्षं वेष्टनं न फाडणारा माणूस कोऱ्या फाशाला खडू लावू देत होता. ही त्याची किडनी देण्याचीच तयारी होती.

“लाल मोठा, काळा लहान,” आर्डिस खडू उचलत म्हणाली.

“काळा मोठा,” ड्वेन म्हणाला.

“लाल, ड्वेन.”

“काळा! माझा सगळा संग्रह पणाला लावतो. काळा!”

“राहू द्या,” पडद्यामागून रॉली म्हणाला. “राहू द्या म्हटलं ना. दुसऱ्याच्या फाशावर ती नाही चढणार तो जिना.”

ड्वेनने सगळ्यांकडे पाहिलं, कोट उचलला आणि दार आपटून बाहेर गेला.

३

भांडण होतं ते असं. फाशाला बाजू वीस, पण आकडे शून्य ते नऊच, दोनदा कोरलेले. म्हणून दहा आकडे एका रंगात भरायचे, दहा दुसऱ्या. त्यातला एक रंग मोठा धरायचा. मोठ्या रंगाचा चार म्हणजे चौदा, लहान रंगाचा चार म्हणजे चारच. कुठला रंग मोठा हे ज्याचा फासा त्याने टाकण्याआधी सांगायचं आणि जन्मभर पाळायचं. दुसऱ्याच्या फाशाला हात लावायचा नाही. या मंडळींनी देवाधर्माचे नियम कमीअधिक केले असतील, हे नाही.

आर्डिस मागच्या ओसरीत आली तेव्हा युआ तिथे एकटी उभी होती. काचेपलीकडे सरोवर गोठलं होतं आणि त्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्यांच्या लाकडी खोपट्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. तिने तळून आणलेले एगरोल थाळीत तसेच होते.

“विचार,” युआ म्हणाली. “माझ्यावरही संशय येणारच. नाताळात मीच म्हटलं होतं, तो फासा जॉइसबरोबर पुरायला हवा होता.”

“म्हटलं होतंस खरं.”

“आमच्या मोंग लोकांत माणूस गेलं की त्याला वाट दाखवतात, अडवत नाहीत. तुम्ही तिला जिन्यावर उभी करून ठेवलंत. खाली पाणी, वर कुलूप! मला इतकी वर्षं ते आवडलेलं नाही.” ती वळली. तिचे डोळे भरले होते. “पण मी आज तिला वर पोचवायला आले होते, आर्डिस. चोरायला नाही.”

आर्डिसने तिच्या दंडावर हात ठेवला. युआ या देशात नवी होती तेव्हा जॉइस तिला चर्चच्या तळघरात इंग्रजी शिकवायची. वर्ग पुरेना म्हणून जॉइसने तिला थेट या टेबलाशी आणून बसवलं. परिणाम असा झाला की युआला ‘बटाटे कुठे मिळतील’ हे विचारता येण्याआधी ‘तळघरातून ओरबाडल्याचा आवाज येतोय’ हे स्वच्छ बोलता यायला लागलं.

“एक सांग. लाल मोठा होता की काळा?”

युआने आत कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, “हसशील.”

“नाही हसणार.”

“मला कधी कळलंच नाही. पहिल्यांदा मी थडग्यात अडकले होते, आठवतं? मला सोडवायला जॉइसने फासा टाकला. लाल सहा आला. ‘सोळा!’ म्हणाली आणि टाळ्या वाजवल्या. पुढे एकदा विहिरीत पडले. काळा पाच. ‘पंधरा!’ म्हणाली. पुन्हा टाळ्या.” तिने खांदे उडवले. “मी नवखी. मला वाटलं, नियम सगळ्यांना माहीत आहे, मलाच समजत नाही. विचारायची लाज वाटली. ती लाज अजून गेली नाही बघ.”

 आर्डिसने थाळीतला एक एगरोल उचलला आणि न खाता हातातच धरला.

४

ड्वेन आपल्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. काच केव्हाच साफ झाली होती तरी खरवडत होता.

“मी जाणार आहे,” तो म्हणाला. “समजावायला आली असशील तर परत जा. चाळीस वर्षं रॉलीने माझी माणसं मारली. दोघांना लांडग्यांनी खाल्लं, एकाला घड्याळाने. मी चकार शब्द काढला नाही. आणि आज मला चोर म्हणत होते तर गप्प बसला! कॉलीनचं मला काही वाटत नाही, ती लहान आहे.”

कॉलीन पन्नाशीला टेकली होती, पण ते जाऊ दे.

“काळा मोठा हे तुला इतकं नक्की कसं आठवतं?” आर्डिसने विचारलं.

“विसरेन कसा? मी दलदलीत गळ्यापर्यंत रुतलो होतो. जॉइसने दोर फेकला आणि फासा टाकला. काळा सात. ‘सतरा, ड्वेन, बाहेर ये!’ म्हणाली.” त्याने हातमोज्याने डोळे पुसले. “माझ्यासाठी कोणी कधी एवढं ओरडलं नाही, आर्डिस. खेळात नाही आणि बाहेरही नाही.”

आर्डिसला आपली आठवण दिसली. चर्चच्या मनोऱ्यात ती घंटेच्या दोराला लोंबकळत होती. जॉइसने फासा टाकला होता. लाल चार. ‘चौदा! धर माझा हात!’

म्हणजे तिघांपैकी कोणीच खोटं बोलत नव्हतं. आणि तिघांपैकी कोणालाच खरं माहीत नव्हतं.

“गाडी सुरू कर, ऊब घे, पण जाऊ नकोस,” ती म्हणाली. “थोडा वेळ दे मला.”

“कशाला?”

“तू जन्मभर इन्स्पेक्टर झालास. आता मला होऊ दे.”

घरात रॉली अजून तिथेच होता, पडद्यामागे. आर्डिस आपल्या खुर्चीवर बसली आणि सहज विचारल्यासारखं बोलली, “रॉली, तू तर खेळाचा एकेक नियम पाठ केलेला माणूस. जॉइसचा कुठला रंग मोठा होता रे?”

“कॉफी आहे का शिल्लक?” रॉली म्हणाला.

“आहे. कुठला रंग?”

“या थंडीत ड्वेन बाहेर कशाला उभा आहे? आजारी पडेल.”

दुखऱ्या दाढेने माणूस चावत नाही. घास आपोआप दुसऱ्या बाजूला ढकलतो आणि डॉक्टरला म्हणतो, मला काही होत नाही. आर्डिसने असे हजारो पाहिले होते. आता तिला दाढ सापडली होती. फासा कुठे आहे ते मात्र अजून कळत नव्हतं. घराचा कोपरान् कोपरा शोधून झाला होता.

५

ते दाखवलं कॉलीनने, आणि तेही नकळत.

ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली. मघाचं बोलणं तिलाही डाचत असावं, कारण हातात ताजी कॉफी आणि चॉकलेटच्या वड्यांची बशी होती. टेबलावर जागा नव्हती. सगळीकडे नकाशे, कागद आणि ड्वेनच्या खोकल्याच्या गोळ्या. कॉलीनने इकडेतिकडे पाहिलं, सरळ पडद्याचं एक पाखं दोन बोटांनी बाजूला सारलं आणि बशी आत ठेवायला गेली.

“अगं!” आर्डिस ओरडली.

“ए!” ओसरीच्या दारातून युआ ओरडली.

रॉलीने तर पाखं दोन्ही हातांनी धरून जागेवर ओढलं.

“काय झालं?” कॉलीन दचकून थांबली. “वेडे आहात का तुम्ही सगळे? बशी ठेवत होते नुसती!”

पडद्याआड बघायचं नसतं. सूत्रधाराच्या बाजूला काय आहे हे खेळणाऱ्याने कधीही, काहीही झालं तरी बघायचं नाही. इतक्या वर्षांत घरात आग लागल्याचा एकदा संशय आला होता, तेव्हासुद्धा पळताना सगळे टेबलाला वळसा घालून पळाले होते.

आर्डिस हळूहळू खुर्चीत मागे टेकली. त्यांनी सोफा उपसला होता, खोकी फोडली होती, ड्वेनचे खिसे उलटे केले होते. हातभर अंतरावरची ही एवढीशी जागा मात्र कोणी शोधली नव्हती. कोणाच्या मनातही आलं नव्हतं. घर विकत घेणाऱ्या माणसाला विचारलं असतं तर त्याने पहिल्यांदा तिथेच पाहिलं असतं.

“कॉलीन,” ती म्हणाली, “ड्वेनला एक कप कॉफी नेऊन दे. युआ, तूही जा तिच्याबरोबर.”

दोघी गेल्या. आर्डिस उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि एक खुर्ची ओढून पडद्याच्या आतल्या बाजूला रॉलीच्या शेजारी बसली. आयुष्यात पहिल्यांदा.

तिथे पेन्सिलीचे तुकडे होते, चष्म्याची रिकामी डबी होती. आणि रॉलीची उजवी मूठ होती, घट्ट मिटलेली.

६

“फासा नाही हे कोणी पाहिलं?” आर्डिस हळूच म्हणाली. “फक्त तू. पेटी तू इथे पडद्याआड उघडलीस आणि रिकामी पिशवी वर धरलीस. आम्ही मान्य केलं. तू इथून सांगतोस दाराबाहेर मेलेला माणूस उभा आहे, आम्ही घाबरतो. तू सांगतोस पाणी चढलं, आम्ही पाय वर घेतो. इथून आलेल्या शब्दावर शंका घ्यायची आम्हाला सवयच नाही.”

रॉलीने मूठ मांडीवर ओढून घेतली.

“आणि रंगाचं म्हणशील तर आम्ही तिघांनी सरळ उत्तर दिलं आणि तिघांची उत्तरं वेगळी. फक्त तू उत्तर दिलं नाहीस. कारण एकट्या तुला खरं ठाऊक आहे. जॉइसचा कुठलाच रंग मोठा नव्हता. आमच्यापैकी कोणी मरायला टेकलं की जो येईल तो मोठा. ती तुझ्यासमोर धडधडीत लबाडी करायची.”

“दर शनिवारी,” रॉली म्हणाला. त्याचा आवाज फाटला.

“ड्वेनचा फासा एकदा टेबलाखाली पडला तर तू त्याचा माणूस ठार केलास. आणि बायकोला एकदाही विचारलं नाहीस, कुठला रंग?”

“विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं.” त्याने मूठ उघडली. फासा तिथे होता, कडा झिजून गोटीसारखा झालेला, आकड्यांतलं मेण अजून तकतकीत. “ठरवलं तेव्हा वाटलं होतं जमेल. पण हातात घेतला आणि... बारा नाही आला तर ते मलाच म्हणावं लागणार ना, आर्डिस? इथे बसून. की ती गेली. ते वाक्य मी एकदा बोललोय. दवाखान्यातल्या फोनवरून, तुम्हा प्रत्येकाला वेगवेगळं. पुन्हा नाही जमणार. म्हटलं, राहू दे. जिन्यावर का होईना, उभी तर आहे.”

आर्डिस जवळ सरकली. तिने आपला म्हातारा हात त्याच्या म्हाताऱ्या हातावर ठेवला.

“तिला उभं राहायचं नाहीये, रॉली. मला म्हणाली होती. जिन्यावर ठेवू नका, माझे गुडघे दुखतात.”

रॉलीने मान वर केली. आधी तो हसला, कारण ते वाक्य इतकं जॉइसचं होतं की दुसऱ्या कोणाचं असूच शकलं नसतं. मग त्याने चष्मा काढला आणि बराच वेळ रडला. आर्डिस शेजारी बसून राहिली. तिनेही रडून घेतलं, पण आवाज न करता.

मग रॉली उठला. त्याने पडदा मिटून आडवा ठेवला, दाराशी गेला आणि ओरडला, “ड्वेन! कोट काढ आणि आत ये. चोर मी आहे.”

ड्वेनने सगळं ऐकून घेतलं. त्याचे गाल थंडीने आणि रागाने लाल होते. “मी कॉफी पिऊन मग माफ करीन,” तो म्हणाला. अर्धा कप होण्याआधीच त्याने रॉलीच्या पाठीवर थाप मारली होती. कॉलीनने त्याच्यासमोर वड्यांची अख्खी बशी सरकवली. “मी तुला नको ते बोलले,” ती म्हणाली. ड्वेन म्हणाला, इन्स्पेक्टर लोकांना सवय असते.

मग रॉलीने फासा कॉलीनसमोर धरला.

“मी?” ती मागे सरली. “मला यातलं काही येत नाही, डॅड. मला हा खेळ आवडतही नाही.”

“ज्याचा फासा त्याने टाकायचा. ती नाही, म्हणजे तो आता तुझा.”

कॉलीनने फासा हातात घेतला. तिच्या आईच्या बोटांनी भरलेलं मेण तिने अंगठ्याने चाचपलं आणि तिचा चेहरा बदलला. टेबलाभोवती सगळे बसले. रॉली बोलायला लागला, त्याच जुन्या आवाजात. पाणी टिलीच्या कमरेला लागलं आहे. कंदील विझत आला आहे. वरचं दार फुगून चौकटीत अडकलं आहे. टिली खांदा लावते.

कॉलीनने फासा टाकला. झिजलेल्या कडांमुळे तो गडगडत राहिला, नकाशावरून गेला, ब्रेडच्या बशीला टेकला आणि थांबला.

तीन. लाल.

लाल मोठा तर तेरा. लाल लहान तर तीन. टाकण्याआधी रंग विचारायला सूत्रधार विसरला होता, किंवा विसरला नव्हता. आता त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि जॉइसला एकदाही न विचारलेला प्रश्न विचारला.

“कुठला रंग मोठा?”

आर्डिसने तोंड उघडलं, पण तिच्या आधी दुसरंच कोणी बोललं.

“लाल,” ड्वेन प्रॉक्नाव म्हणाला. “मी तर नेहमी लालच म्हणत आलोय.”

“लाल,” युआ म्हणाली, आणि या वेळी तिला जराही लाज वाटली नाही.

कॉलीन एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. “पण मघाशी तर ड्वेन काळा म्हणत...”

“लाल,” आर्डिस म्हणाली.

“तेरा,” रॉली म्हणाला. त्याने एकदा घसा साफ केला. “दार उघडतं. टिली वर पोचते. ती कंदिलाने मोठा दिवा लावते. किनाऱ्यावरून सगळ्यांना तो दिसतो.”

 बाहेर दिवस कलायला लागला होता आणि सरोवरावरचे लोक आपापल्या खोपट्या बंद करून घरी निघाले होते.

“रॉली,” आर्डिसने विचारलं, “वर बसायला काही आहे का?”

“आहे ना,” रॉली म्हणाला. “खुर्ची आहे. ती बसली.”